सोनोग्राफी चालते, मग ग्रहणाचं विज्ञान का चालत नाही?

पत्र : मी २९ वर्षांची आहे, बँकेत नोकरी करते. हे माझं पहिलंच बाळंतपण. २ ऑगस्ट २०२७ ला, आषाढ अमावास्येला सूर्यग्रहण आहे; तेव्हा मला २८ वा आठवडा असेल. मध्यंतरी साखर वाढलेली निघाली. मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे आणि डॉक्टरांनी दर तीन तासांनी थोडं थोडं खायला सांगितलंय. सासूबाई माझी फार काळजी घेतात. स्वतः बीपीची गोळी कधी चुकवत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेवर करून घेतलं, पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीला मला त्याच घेऊन गेल्या. पण ग्रहणाच्या दिवशी पहाटेपासून काही खायचं नाही, ग्रहण लागल्यावर पाणीही नाही, सुरी-कात्री हातात धरायची नाही, लघवीलाही जायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो, असं त्या म्हणतात. नवरा म्हणतो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे, ऐक ना. एकच माणूस विज्ञानाचं एक मानतो आणि दुसरं नाकारतो, असं का होतं? आणि मी करू काय? – एक वाचक, कराड

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण त्याला तारीख आहे.

पहाटेपासून संध्याकाळपर्यंत उपाशी राहायचं नाही. साखर वाढलेल्या गरोदर बाईला ते धोक्याचं आहे, आणि घरच्यांच्या समाधानासाठी यात तडजोड करता येणार नाही. कारण नीट समजून घ्या, घरी सांगताना तेच कामी येईल. पोटातलं बाळ आईच्या रक्तातली साखर सतत घेत असतं. म्हणून एरवी सहज झेपणारा उपास या दिवसांत लवकर अंगावर येतो. शरीर साखर संपवून चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन, म्हणजे चरबी जळताना तयार होणारी आम्लं, वाढतात. मग ग्रहण सुटतं, आंघोळ होते, भुकेल्या पोटी भरपूर जेवण होतं आणि साखर एकदम वर चढते. अशा वेळी साधारणपणे उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत साखर ठेवायला सांगतात. तुमचं दर तीन तासांचं खाणं त्यासाठीच आहे, आणि बारा तासांचा उपास नेमकं तेच मोडतो.

पाण्याचंही तसंच. पाणी कमी पडलं की चक्कर येते, पोट कडक व्हायला लागतं. लघवी दाबून ठेवली की मूत्रमार्गात जंतू वाढायला वाव मिळतो, आणि गरोदरपणात हा संसर्ग तसाही लवकर होतो. हे वाचणाऱ्या ज्या बायकांना गोळीऐवजी इन्सुलिन चालू आहे, त्यांचा धोका याहून मोठा आहे: इन्सुलिन घेऊन खाल्लं नाही तर साखर ७० च्या खाली जाऊन शुद्ध हरपू शकते. ग्रहण असो की संकष्टी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांनी डोसही बदलू नये आणि जेवणही टाळू नये.

आता ओठाचं. बाळाचा वरचा ओठ दोन्ही बाजूंनी वाढत येऊन मध्ये जुळतो, आणि हे काम गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात उरकतं. टाळू सहाव्या ते नवव्या आठवड्यात जुळते. म्हणजे पुष्कळ बायकांना दिवस राहिल्याची नुकतीच खात्री झालेली असते, तेव्हाच ओठाचा निकाल लागलेला असतो. तुम्हाला २ ऑगस्टला २८ वा आठवडा असेल. त्या दिवशी तुम्ही भाजी चिरली, कापड बेतलं, काहीही केलं तरी जुळलेला ओठ उकलत नाही. तो न जुळण्याची कारणं वेगळी आहेत: काही अंशी आनुवंशिकता, आणि आईचं धूम्रपान, गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह, पहिल्या तीन महिन्यांत घेतलेली फेफऱ्यावरची काही औषधं यांनी शक्यता वाढते. पाचव्या महिन्यातल्या ज्या सोनोग्राफीला सासूबाई तुमच्यासोबत आल्या होत्या, तिच्यात बाळाचा चेहरा आणि वरचा ओठ साधारणपणे पाहिलेला असतो. रिपोर्ट काढा आणि चेहऱ्याबद्दल लिहिलेली ओळ शोधा. पुढं बोलताना ती लागणार आहे. नुसत्या टाळूची फट सोनोग्राफीत पुष्कळदा दिसत नाही, तेव्हा रिपोर्ट म्हणजे पूर्ण हमी असं मात्र कुणाला सांगू नका.

ग्रहणाच्या उजेडाबद्दलही दोन वाक्यं. सूर्यग्रहणात चंद्र मध्ये येऊन सूर्याचा काही भाग किंवा सगळा सूर्य झाकतो, एवढंच. नवे किरण कुठून येत नाहीत. रोजचेच येतात, तेही कमी. चंद्रग्रहणात पृथ्वीची सावली चंद्रावर पडते, आणि त्याच सावलीत आपण दररोज रात्रभर असतो, कारण रात्र म्हणजे पृथ्वीची सावलीच. खरा धोका एकच आहे आणि तो गरोदर असो-नसो सगळ्यांना सारखा: सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याचा. डोळ्याचा पडदा भाजताना दुखत नाही, म्हणून कळत नाही. काजळी धरलेली काच, जुनी एक्स-रे फिल्म, साधा गॉगल यांचा उपयोग नाही. आयएसओ १२३१२-२ असं लिहिलेले, ओरखडा नसलेले ग्रहणचष्मेच वापरावेत.

मग ही समजूत एवढी टिकली कशी? दर १७३ दिवसांच्या आसपास ग्रहणांचा एक हंगाम येतो. त्यामुळं नऊ महिन्यांच्या कोणत्याही काळात जगात कुठं ना कुठं ग्रहण होतंच, बहुतेकदा एकाहून जास्त. दुसरीकडं, साधारण दर ७०० बाळांमागं एकाचा ओठ किंवा टाळू दुभंगलेली असते. अशा बाळाच्या आईला सगळे विचारतात, ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का?’ स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला काहीतरी आठवतंच. ज्यांची बाळं नीट जन्मली त्या आयांना हा प्रश्न कुणी विचारत नाही, त्यामुळं त्यांनी चिरलेल्या भाज्या हिशेबात येत नाहीत. मेक्सिकोतही ग्रहणानं ओठ फाटतो अशीच जुनी समजूत आहे. तिथल्या गरोदर बायका बाळाच्या रक्षणासाठी पोटाजवळ धातूची सेफ्टी पिन लावतात, आणि आपल्याकडं टोकदार वस्तू दूर ठेवायला सांगतात. उपाय उलटे, तरी दोन्हीकडं बहुतेक सगळी बाळं सुखरूप जन्मतात. मला या समजुतीत सर्वांत वाईट वाटतं ते त्या आईवर बसणाऱ्या ठपक्याचं. ओठाची शस्त्रक्रिया बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना होते आणि उत्तम होते. आईच्या मनातला दोष मात्र विनाकारण आयुष्यभर राहतो.

तुमचा पहिला प्रश्न आता घेऊ. सासूबाई विज्ञानाचे तुकडे पाडून काही मानतात, काही टाकतात, असं बाहेरून दिसतं. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर त्या ‘विज्ञान’ नावाच्या गोष्टीवर विश्वास किंवा अविश्वास ठेवतच नाहीत. त्या पाहतात ते असं: हे खरं निघतं का हे मला दिसतं का? सांगणारं माणूस आपलं आहे का? आणि हे मानलं तर मला काय सोडावं लागेल? श्रद्धाळू माणसाचा विज्ञानाशी होणारा व्यवहार जगभर बहुतेक याच प्रश्नांवर ठरतो.

पहिल्या प्रश्नाचा पुरावा तुमच्या घरातल्या पंचांगातच आहे. पंचांगात दोन गोष्टी शेजारी शेजारी छापलेल्या असतात: ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष, म्हणजे लागणं आणि सुटणं, यांची मिनिटापर्यंतची वेळ, आणि त्या काळात काय करावं, काय करू नये. पहिलं गणित आहे, दुसरं धर्मशास्त्र. गणिताचा भाग आपल्या लोकांनी वेळोवेळी दुरुस्त केला. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिला आणि पुढं शतकानुशतकं महाराष्ट्रातली पंचांगं त्यावरून झाली. हळूहळू गणित आणि आकाश यांत अंतर पडायला लागलं. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे यांनी आधुनिक कोष्टकांवरून पंचांगाची दुरुस्ती हाती घेतली, मग व्यंकटेश बापूजी केतकरांनी ते काम पुढं नेलं आणि लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा आग्रह धरला. वाद पुष्कळ झाले, तरी शेवटी आकाशाशी जुळणारं गणितच रूढ झालं, कारण छापलेली वेळ चुकली की अंगणात उभ्या असलेल्या कुणालाही ती चूक दिसते. ‘ओठ फाटतो’ या विधानाची चूक अशी कुणाला कधी दिसत नाही. पाळलं आणि बाळ नीट जन्मलं, तर पाळल्याचं फळ. पाळलं नाही तरी नीट जन्मलं, तर देवाची कृपा. म्हणून गणित सुधारत गेलं आणि समजुती होत्या तिथंच राहिल्या. बीपीची गोळी, मोतीबिंदू, सोनोग्राफी या सगळ्या पहिल्या जातीच्या गोष्टी आहेत: पट्टा बांधला की आकडा दिसतो, पट्टी काढली की दिसायला लागतं, पडद्यावर बाळ हलताना दिसतं.

हा दुहेरीपणा अडाण्यांचाच असतो असंही समजू नका. ग्रहण सावलीमुळं होतं हे आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये लिहिलं. ब्रह्मगुप्त तर मोठा गणिती, इ.स. ६२८ च्या आपल्या ग्रंथात तो ग्रहणाचं गणित सावलीवरूनच करतो आणि त्याच ग्रंथात, राहूमुळं ग्रहण होतं हे नाकारणाऱ्यांना दोषही देतो. चारशे वर्षांनी अल-बिरूनी या मध्य आशियातल्या विद्वानानं ते वाचलं आणि एवढ्या बुद्धिमान माणसानं असं का लिहिलं असेल, याचा त्यानं विचार केला. त्याला त्यामागं भोवतालच्या समाजाचा धाक दिसला. म्हणून नुसती माहिती पुरवली की समजूत जाते, हे गृहीत धरू नका. ब्रह्मगुप्ताकडं माहिती कमी नव्हती.

दुसरा प्रश्न, सांगणारं कोण. नायजेरियातल्या कानो राज्यात २००३ मध्ये धार्मिक नेत्यांनी शंका घेतल्यावर पोलिओची लस थांबवली गेली आणि तिथून पोलिओ पुन्हा दुसऱ्या देशांत पसरला. पश्चिम उत्तर प्रदेशातल्या काही मुस्लिम वस्त्यांतही लोक दारं लावून घेत होते. तीच माणसं तापाला डॉक्टरांकडं जात होती. नको होता तो बाहेरून पुन्हा पुन्हा येणारा, आपलं दुसरं काहीच न विचारणारा लसवाला. तिथं लसीचं विज्ञान नव्यानं समजावून काम झालं नाही. वस्तीतल्याच बायका दारोदार गेल्या, मशिदींतून इमामांनी आवाहन केलं, तेव्हा दारं उघडली. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. सासूबाईंना ग्रहणाबद्दल आजवर कुणी काय सांगितलं ते आठवून पाहा. पाळायला सांगणारी त्यांची आई, त्यांच्या सासूबाई, गुरुजी. पाळू नका म्हणणारा टीव्हीवरचा कुणीतरी, किंवा त्यांना हसणारा पुतण्या. त्यांनी कुणाचं ऐकावं, अशी आपली अपेक्षा आहे?

तिसरा प्रश्न सर्वांत खोल जातो. नेत्रदानाचं पाहा. मोतीबिंदूचं ऑपरेशन आनंदानं करून घेणारी माणसं मृत्यूनंतर डोळे द्यायला नको म्हणतात. पुढच्या जन्मी आंधळेपण येईल ही भीती आजही ऐकू येते. डोळ्याचं विज्ञान दोन्हीकडं तेच आहे. पहिल्यात नजर मिळते, दुसऱ्यात मरणानंतरच्या कल्पनेला धक्का लागतो. पुलाचं गणित, मोबाइल, विमान यांना कोणत्याही धर्माची हरकत नसते, कारण ते माणूस कुठून आला, मेल्यावर कुठं जातो, पवित्र काय आणि विटाळ कशाचा, हे विचारत नाहीत. उत्क्रांती, शरीर, जन्म-मृत्यू यांचं विज्ञान तिथंच येऊन उभं राहतं. ग्रहणही जन्माच्या उंबरठ्यावर येतं, आणि तुमच्या घरात तर तुमच्या पोटाशी.

सासूबाईंचा एक हिशेबही यात आहे, तो मात्र आदरानं समजून घ्यायला हवा. त्यांच्या मते पाळलं तर काही बिघडत नाही आणि नाही पाळलं तर नातवंडाला आयुष्यभराचं व्यंग. एवढीच माहिती असेल तर कुठलंही काळजी घेणारं माणूस पाळा असंच म्हणेल. चूक ‘काही बिघडत नाही’ या अर्ध्यात आहे, आणि तुमच्या साखरेमुळं ती आकड्यांत दाखवता येते. बोलायचं ते यावरच. राहू आहे की नाही, यावर नाही.

यासाठी मला एक कसोटी उपयोगी वाटते: पाळायचं ते उपचाराच्या सोबत आहे की उपचाराच्या ऐवजी? इस्रोचे अध्यक्ष उड्डाणाआधी रॉकेटची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्या दर्शनानं इंधन, कोन, वेग यांतला एक आकडाही बदलत नाही. पूजा गणिताच्या सोबत असते. ग्रहणात जप करणं, सुटल्यावर आंघोळ, दान, डब्यात तुळशीपत्र ठेवणं हे सगळं ‘सोबत’मध्ये येतं. जेवण, पाणी, गोळी, लघवी थांबवणं ‘ऐवजी’मध्ये. पहिल्यावर भांडू नका, दुसऱ्यावर हलू नका.

सासूबाईंच्याच पंचांगात तुमच्या बाजूचंही आहे. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी, म्हणजे सुमारे बारा तास, चंद्रग्रहणाचे तीन प्रहर आधी लागतात. पण लहान मुलं, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांच्यासाठी पंचांगकर्ते वेगळी, बरीच उशिराची वेळ देतात. ७ सप्टेंबर २०२५ चं चंद्रग्रहण रात्री ९.५७ ला लागलं. त्याचे वेध दुपारी १२.३७ पासून दिले होते आणि गर्भवतींसाठी सायंकाळी ५.१५ पासून. शिवाय वेधात पाणी पिणं, झोपणं, लघवी-शौच यांना मनाई नसते. ती मनाई प्रत्यक्ष ग्रहणाच्या पर्वकाळापुरती असते. छायाकल्प ग्रहण, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या फक्त विरळ सावलीतून जातो ते, आणि आपल्या गावातून न दिसणारं ग्रहण तर पाळायचंच नसतं. घरोघरी हे सगळे भेद पुसले जाऊन सरसकट बारा तास होतात. ते पान सासूबाईंसोबत बसून वाचा. त्यांना खोटं ठरवण्यासाठी नाही. त्यांच्या परंपरेतच गर्भवतीला सवलत आहे, हे त्यांना त्यांच्याच पुस्तकात दिसावं म्हणून. अर्थात ती उशिराची वेळही तुमच्या तीन तासांच्या मर्यादेत बसत नाही, तेव्हा तिथंच थांबायचं नाही.

बोलण्याची वेळ आताची आहे. ग्रहणाच्या आठवड्यात घरात नातेवाइकांचे फोन सुरू होतात, व्हॉट्सॲपवर याद्या फिरतात, आणि एकदा चार माणसांत ‘आमच्याकडं पाळतात’ असं म्हणून झालं की त्यांना मागं फिरणं अवघड जातं. त्या आधीच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टरांना काय विचारायचं ते मात्र नीट ठरवून जा. ‘डॉक्टर, ग्रहण पाळू का?’ असं विचारू नका. डॉक्टरांच्या घरीही ग्रहण पाळत असतील, किंवा पेशंटच्या श्रद्धेत कशाला पडा म्हणून ते ‘पाळा, हरकत नाही’ म्हणतील, आणि ते वाक्य घरी बारा तासांच्या उपासाची परवानगी ठरेल. विचारायचं ते असं: ‘माझी साखर अशी आहे, गोळी चालू आहे. मी पहाटे चारपासून संध्याकाळी सहापर्यंत काही खाल्लं नाही आणि दोन तास पाणीही घेतलं नाही, तर चालेल का? सलग किती वेळ न खाता राहिलेलं चालेल?’ उत्तर तासांमध्ये मिळेल. ते केसपेपरवर लिहून द्यायला सांगा. त्याच भेटीत सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढं करून ‘बाळाचा ओठ जुळलेला दिसतोय ना?’ हेही सासूबाईंसमोर विचारा.

घरी पहिलं बोलायचं ते तुमच्या नवऱ्यानं. आई त्याची आहे. सुनेनं ‘नाही’ म्हटलं की त्याचा अर्थ वेगळा लागतो. त्यानं साधारण असं म्हणावं: ‘आई, डॉक्टरांनी तीन तासांच्या वर उपाशी राहायचं नाही म्हणून लिहून दिलंय. त्यामुळं हिचा उपास होणार नाही. जप आपण सगळे मिळून करू. उद्या काही झालंच तर तो निर्णय माझा असेल, हिला कुणी बोलायचं नाही.’ शेवटचं वाक्य गाळू देऊ नका. सासूबाईंच्या हट्टामागं आणि तुमच्या घालमेलीमागंही तीच एक भीती आहे: पुढं काही झालं तर दोष कुणावर येणार? तो प्रश्न आधीच मोकळा केला की अर्धा ताण उतरतो. तुम्ही स्वतः बोलाल तेव्हा ‘हे सगळं थोतांड आहे’ म्हणू नका, आणि ‘अमकीनं नाही पाळलं, तिचं बाळ बघा किती छान’ हेही नको. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही. उद्या त्या एखादं उलटं उदाहरण देतील. ‘मी तिन्ही बाळंतपणांत पाळलं’ असं त्या म्हणाल्या तर ‘तुम्हाला तेव्हा साखर नव्हती, आई’ एवढंच उत्तर पुरे आहे. त्यात त्यांचा अपमान नाही.

अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ग्रहणात गरोदर स्त्रियांसोबत भाजी चिरण्याचे, जेवणाचे कार्यक्रम केले आहेत. त्या स्त्रियांच्या धैर्याचं मोल मोठं आहे, समाजाला अशा कृती लागतात. पण तुम्हाला स्वयंपाकघरात तसं काही करून दाखवण्याची गरज नाही. दोन तास सुरी हातात न धरल्यानं तुमच्या तब्येतीला काही होत नाही. मनाला पटत नसेल तर धराही, पण तो तुमच्या स्वाभिमानाचा प्रश्न आहे, आरोग्याचा नाही, आणि तो कधी लढायचा हे तुम्ही ठरवा.

प्रत्यक्ष दिवसाची आखणी सोपी आहे, कारण हे ग्रहण तुमच्या वेळापत्रकात बसतं. महाराष्ट्रातून ते खंडग्रास दिसेल, दुपार उतरताना लागेल आणि सूर्यास्ताआधी सुटेल. पर्वकाळ दोनेक तासांचा. कराडच्या स्पर्श-मोक्षाच्या नेमक्या वेळा पंचांगातून लिहून घ्या. सकाळचा नाश्ता, मधलं खाणं, दुपारचं जेवण आणि गोळी रोजच्या वेळी. स्पर्शाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एक छोटं खाणं करा ज्यात प्रथिनं असतील: मूठभर फुटाणे आणि वाटीभर ताक, किंवा अर्धी ज्वारीची भाकरी आणि उसळ. मग दोन तास घन काही न खाता राहिलात तरी तीन तासांची मर्यादा मोडत नाही, आणि सासूबाईंना पर्वकाळ पाळल्याचं समाधान मिळतं. डॉक्टरांनी याहून कमी वेळ सांगितला असेल तर त्यांचं ऐका. पाणी मात्र घोट घोट चालू ठेवा, लघवी लागली की जा. मोक्ष झाल्यावर आधी आंघोळ असेल तर ती उभ्याउभ्या घाईत नको, आणि त्यानंतर जेवण नेहमीच्याच मापाचं. घरी ग्लुकोमीटर असेल तर स्पर्शाआधी आणि रात्रीच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहा. मध्येच घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढं अंधारी आली तर लगेच साखर मोजा. ती ७० च्या खाली असेल किंवा मोजायची सोय नसेल तर तीन चमचे ग्लुकोज पेलाभर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि डॉक्टरांना फोन करा.

वेधाआधी शिजवलेलं अन्न टाकून द्यायचं की ठेवायचं, यावर वाद झाला तर लक्षात ठेवा: ऑगस्टच्या दमट हवेत अन्न बाहेर तासन्‌तास राहिल्यानं नासतं, ग्रहणानं नाही. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. वर तुळशीपत्र ठेवलं तरी चालेल.

पर्वकाळभर एका कुशीवर न हलता पडून राहायला सांगतील, तसं करू नका. वाटलं तर डाव्या कुशीवर आडवं व्हा, थोडं चाला, बसा. खाणं झाल्यावर शांत पडून बाळाच्या हालचाली मोजा. दोन तासांत दहा हालचाली जाणवायला हव्यात.

आणि हे नवऱ्याला आजच सांगून ठेवा. हालचाली कमी झाल्या, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, ठरावीक अंतरानं कळा यायला लागल्या, डोकं असह्य दुखून नजर धूसर झाली, तर त्याच क्षणी दवाखान्यात निघायचं. ‘ग्रहण सुटू दे, मग बाहेर पडू’ असं म्हणून थांबायचं नाही. गाडीची सोय, डॉक्टरांचा नंबर आणि तुमची फाइल आदल्या दिवशीच दाराजवळ तयार ठेवा, आणि ती फाइल कुठं आहे हे सासूबाईंनाही दाखवून ठेवा.